काहून

प्रतापनगरला, मेडिकलच्या वर, दुसऱ्या माळ्यावर
आमचं ऑफिस. नऊ माणसं, एक कूलर.
वाळ्याच्या ताटीतून थेंब थेंब पाणी
माझ्या डाव्या चपलेवर.
कळमन्याच्या संत्र्यांचा हिशोब लिहितो आम्ही:
ट्रक, वजन, आडत, हमाली, तूट.
पंधरा वर्षं तो मी एकट्यानं लिहिला.

मग एप्रिलात साहेबांनी माझ्या टेबलाशी
दुसरी खुर्ची ढकलली, एक चाक तुटलेली.
पवनीची यशोधरा टेंभुर्णे, वय तेवीस,
डब्यात रोज लाखोळीच्या डाळीचं काहीतरी
आणि तोंडात एकच:
'हे काहून, सर?'

कोणी बघत असलं की
मला साधं 'जर-तर' लिहिता येत नाही,
बँकेत सही जुळत नाही, तसं.
कंस उघडतो. बंद करायला विसरतो.
ती काही बोलत नाही, फक्त
बोट काचेच्या जवळ नेते आणि थांबवते.
त्या थांबवलेल्या बोटाचा मला फार राग यायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाली,
'तूट प्रत्येक पेटीला गोल करून मंग बेरीज, काहून?
आधी बेरीज नाही का?'
मी म्हटलं, तसंच असतं.
पुन्हा म्हटलं, तसंच असतं,
आणि पाणी प्यायला गेलो.
माठापाशी उभ्या उभ्या मनात हिशोब केला.
आठ वर्षं. रोजचे साडेतीन रुपये.
कोणाच्या तरी खिशातून कोणाच्या तरी खिशात.
परत आलो तेव्हा कीबोर्ड तसाच होता,
तिनं हात लावला नव्हता.
कर्सर लुकलुकत होता त्याच ओळीवर.

दोन पगार, एक कीबोर्ड,
अकाउंट्सच्या बावनगडेबाई दर शनिवारी सुनावतात.
त्यांचं चुकत नाही.
संध्याकाळी डोकं पिळलेल्या लिंबासारखं,
घरी बायको काही विचारते
आणि माझ्याकडे द्यायला शब्द उरलेला नसतो.
आणि कधी मी सुसाट सुटतो, ती 'हो सर, हो सर' म्हणते.
तिचं काहून बंद झालं की समजायचं,
ती मागच्याच फाट्यावर उतरून गेली.
काम मात्र दोघांच्या नावावर चढतं.

मे महिन्यात भावाच्या साक्षगंधाला तीन दिवस गावी गेली.
खोटं कशाला बोलू, सण होता.
चपला काढल्या, मांडी घातली,
मशीनला शिव्या दिल्या, जुनी गाणी गुणगुणलो,
चारशे ओळी लिहिल्या, एकाही ओळीला
कोणाला काही सांगावं लागलं नाही.

सोमवारी ती आली. पेढा दिला. वाचत वाचत खाली गेली.
'हे काहून, सर?'
मी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
खालच्या मेडिकलवाल्याला सगळ्या डॉक्टरांचं अक्षर लागतं,
मला माझंच लागेना.

मग लाइट गेली.
यूपीएस एकदा कण्हला आणि मेला.
सेव्ह केलं नव्हतं, दोघांनीही.
कूलर थांबला तशी सेहेचाळीस डिग्री
सरळ आत येऊन बसली.
काळ्या पडद्यात दोन घामट चेहरे.
पेढ्याच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलनं
आम्ही सगळं पुन्हा मांडायला बसलो:
मला नावं आठवत होती, तिला अटी.
मी म्हणायचो 'मग ते वजन',
ती म्हणायची 'पण रिकामी पेटी असंल तर?'
रिकामी पेटी. ती माझ्या चारशे ओळींत नव्हतीच.

लाइट पावणेपाचला आली.
तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला,
'आता मी लिहिते, तुम्ही विचारा.'
दोन ओळी झाल्या. मी घसा खाकरला,
'हे काहून?'
ती हसली. मान न वळवता म्हणाली,
'असं नाही, सर.
खरंच समजलं नसंल तेव्हाच विचारायचं असते.'

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.
थेंब चपलेवर पडत होता.
चौथ्या ओळीपाशी मला खरंच काही समजलं नव्हतं
आणि ते तोंडातून काढायला
मला किती वेळ लागला, सांगत नाही.